दुपारच्या सोपची पटकथा आणि संवाद: सगळे फिरून फिरून विचारतात ते प्रश्न

काही वर्षं डेली सोपचे संवाद लिहिले, आता नवीन लोकांचे सीन वाचून देतो, आणि मेसेजमध्ये हेच वीसेक प्रश्न आलटून पालटून येत राहतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. सगळं वाचायलाच हवं असं काही नाही, आपला प्रश्न शोधा. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात आहे तिथे नंबर दिलाय.

१. दुपारचा सोप आणि रात्रीची मालिका, लिहायला फरक काय? रडारड दोन्हीकडे असतेच ना?

रडारड दोन्हीकडे असते, पण अमेरिकेत रात्रीच्या मालिकेला बहुतेक वेळा सीझन असतो, कुठेतरी थांबायचं असतं, त्यामुळे लेखक शेवटाकडे बघत लिहितो. दुपारच्या सोपला शेवटच नसतो. आठवड्याचे पाच दिवस, वर्षाला अडीचशेच्या आसपास एपिसोड, आणि हे वर्षानुवर्षं. अमेरिकेतली 'गायडिंग लाइट' १९३७ ला रेडिओवर सुरू झाली, १९५२ ला टीव्हीवर आली आणि २००९ ला बंद झाली, म्हणजे ७२ वर्षं एकच गोष्ट चालू होती. एवढ्या काळात प्लॉट कितीही भारी असला तरी संपतोच हो. साठत जाते ती आठवण. कोण कोणाला काय बोललं होतं, कोणी कोणाच्या लग्नात पाय ठेवला नव्हता, वगैरे. सोपचा चांगला लेखक नवीन काही घडवायच्या आधी जुनं घडलेलं वापरून बघतो, माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे आणि खालची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात.

२. याला 'सोप' का म्हणतात? आणि त्याचा लिखाणाशी काही संबंध आहे का?

साबण. १९३० च्या दशकात अमेरिकन रेडिओवर दिवसा लागणाऱ्या या मालिकांना साबण आणि घरगुती सामानाच्या कंपन्या पैसे द्यायच्या. प्रॉक्टर अँड गॅम्बल तर नुसती जाहिरात देऊन थांबली नाही, स्वतः मालिका काढायची. इर्ना फिलिप्सची 'पेंटेड ड्रीम्स' शिकागोच्या रेडिओवर १९३० ला सुरू झाली, या प्रकारातली पहिली म्हणून तिचंच नाव घेतात.

लिखाणाशी संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. रेडिओवर चेहरा नाही, फक्त आवाज, आणि ऐकणारी बाई हातातलं काम करत ऐकतेय. टीव्ही आला तरी ती सवय गेली नाही, प्रेक्षकाची पाठ टीव्हीकडे असतेच. म्हणून संवाद नुसत्या कानाने कळला पाहिजे. फिलिप्सबाई सगळ्या पात्रांचे आवाज स्वतः काढत स्क्रिप्ट तोंडी सांगायच्या आणि सेक्रेटरी टाइप करायची. आजही मी सगळ्यांना हेच सांगतो, आधी बोला आणि मग टाइप करा, जे वाक्य तोंडात अडकतं ते नटाच्याही तोंडात अडकणार.

३. एवढं सगळं लिहितं कोण? एकच माणूस?

सुरुवातीच्या १५ मिनिटांच्या एपिसोडच्या काळात एखादा माणूस ओढून न्यायचा. १९५६ च्या २ एप्रिलला 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' आणि 'द एज ऑफ नाइट' या दोन मालिका अर्ध्या तासाच्या म्हणून सुरू झाल्या, १९७५ ला 'अनदर वर्ल्ड' एक तासाची झाली, आणि मग टीमशिवाय शक्यच नव्हतं.

साधारण रचना अशी. हेड रायटर पुढच्या अनेक महिन्यांची गोष्ट ठरवतो. त्याच्याखाली ब्रेकडाउन लिहिणारे प्रत्येक एपिसोडचा आराखडा करतात, कोणता सीन, कोण कोण आहे, काय घडतं, कुठे ब्रेक. मग संवादलेखक त्या आराखड्यात बोलणं भरतो. शेवटी एडिटर सगळ्यांचे आवाज एका सुरात आणतो, कारण सोमवारचा एपिसोड एकाने लिहिलेला असतो आणि मंगळवारचा दुसऱ्याने, आणि प्रेक्षकाला हे कळता कामा नये.

नवीन लोकांचा गैरसमज इथेच असतो. त्यांना वाटतं संवादलेखक म्हणजे गोष्ट रचणारा. नाही हो, गोष्ट वरून आलेली असते, 'आज दोघी बहिणी भांडतात' एवढंच हातात असतं, आणि त्या भांडणातला कोणता शब्द कोणाला लागतो हे ठरवणं तुमचं काम.

४. मग चांगला संवाद म्हणजे नेमका कसा? उदाहरण द्या, नुसती थिअरी नको.

घ्या. दोन बहिणी. वीस वर्षांपूर्वी थोरलीने धाकटीला आलेलं एक पत्र लपवलं होतं आणि त्यापायी धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं. आता धाकटीच्या मुलीचं लग्न आहे, टेबलावर आमंत्रणाच्या पाकिटांचा ढीग. पहिल्या ड्राफ्टमध्ये हमखास हे येतं:

धाकटी: ताई, तुला माहीतच आहे की वीस वर्षांपूर्वी तू माझं पत्र लपवलंस म्हणून माझं लग्न मोडलं. मी तुला कधीच माफ करू शकणार नाही!

थोरली: मला माहीत आहे मी चुकले. पण ते मी तुझ्या भल्यासाठी केलं होतं!

माहिती सगळी आली आणि सीन मेला. आता हा बघा:

थोरली: दे ती पाकिटं, जाता जाता पोस्टात टाकते.

धाकटी: नको.

थोरली: अगं, वाटेतच आहे.

धाकटी: पत्रं माझी मीच टाकते ताई.

थोरली: ...अजून?

धाकटी: वीस वर्षं झाली. सवय झालीये.

ज्याला सगळं माहितीये त्याला 'पत्रं माझी मीच टाकते' हे खच्चून लागतं. जो आज पहिल्यांदा बघतोय त्यालाही कळतं की वीस वर्षांपूर्वी या ताईने पत्राचं काहीतरी केलंय आणि ते मिटलेलं नाही. माफी हा शब्दच नाही, भांडण नाही, आवाजही चढला नाही. शिवाय हातात पाकिटं आहेत, म्हणजे नटांना करायला काहीतरी आहे. हा सीन लक्षात ठेवा, पुढे दोन तीनदा लागणार आहे.

५. सगळे तेच तेच पुन्हा पुन्हा का सांगतात? लेखकाला प्रेक्षक मूर्ख वाटतो का?

रोज कोणीच बघत नाही, हे खरं कारण. आज बघितलं, मग दोन दिवस सुटलं, अशा माणसाला परत आत घ्यावं लागतं. त्यामुळे उजळणी टाळता येत नाही, ती कशी करायची एवढंच आपल्या हातात असतं.

वाईट उजळणीत एक पात्र दुसऱ्याला त्यालाच माहीत असलेली गोष्ट सांगतं. 'तुला माहीतच आहे की' ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य खोडा, डोळे मिटून. चांगल्या उजळणीत तीच गोष्ट नव्या माणसाच्या कानावर जाते आणि दर वेळी थोडी वाकते. पत्राची गोष्ट थोरली नवऱ्याला सांगताना 'मी तिला वाचवलं' म्हणेल, धाकटी मैत्रिणीला 'तिने माझं आयुष्य ठरवून टाकलं' म्हणेल, आणि मुलीला विचाराल तर ती म्हणेल 'ते पत्र लपवलं नसतं तर मी जन्मलेच नसते'. तीन दिवसांत तीनदा उजळणी झाली आणि प्रत्येक वेळी गोष्ट पुढेच गेली. ज्याने तिन्ही बघितलं त्याला कंटाळा येत नाही कारण आता कोण खोटं बोलतंय हे त्यालाच माहितीये.

६. पण एवढं हळू का? एका फोनला तीन एपिसोड?

फोनला तीन एपिसोड लागत असतील तर ते वेळ काढणं आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण हळू असणं हा दोष नाही. अर्ध्या तासाचे एपिसोड आल्यावर फिलिप्सबाईंनी मुद्दामच वेग कमी केला, क्लोजअप वाढले, लोक स्वयंपाकघरात बसून नुसतं बोलायला लागले. सोपमध्ये घटना पाच मिनिटांची असते आणि तिचे पडसाद पाच आठवड्यांचे, आणि लोक बघतात ते पडसाद. अपघात कोणालाही लिहिता येतो. अपघाताची बातमी सासूला कोण सांगणार यावरून घरात जे होतं तो सोप.

तपासायची एक सोपी पद्धत, सीन संपल्यावर कोणाचं तरी कोणाशी असलेलं नातं इंचभर तरी सरकलंय का? सरकलं असेल तर हळू चालेल.

७. सीन कुठे सुरू करायचा आणि कुठे संपवायचा?

उशिरा शिरा. नमस्कार, ये बस, पाणी घेणार का, हे सगळं कापा, जोपर्यंत पाण्याचा ग्लास घ्यायला नकार देणं हाच सीन नाहीये तोपर्यंत. संपवायचं म्हणाल तर शेवटचं वाक्य असं हवं की समोरच्याला त्यावर बोलता येऊ नये, कारण मग कॅमेरा त्याच्या तोंडावर थांबतो. ते प्रसिद्ध थिजलेले चेहरे याच कारणाने असतात, त्यावर सगळे हसतात आणि मीही हसतो, पण नटाला तिथे काहीतरी वाटायला द्यायचं काम लेखकाचं आहे. चौथ्या प्रश्नातला सीन 'सवय झालीये' वर थांबतो कारण थोरलीकडे उत्तर नाही. त्यापुढे तिने 'मला माफ कर' म्हटलं असतं तर चेहरा मोकळा झाला असता.

८. शुक्रवारचा हुक कसा लिहायचा?

दोन दिवस माणसाच्या डोक्यात राहील असं काहीतरी सोडायचं, एवढंच तत्त्व आहे. घोळ होतो तो खोट्या हुकने. दार उघडतं, बाई किंचाळते, फ्रीझ, आणि सोमवारी कळतं की मांजर होतं. असं एकदा चालतं, दोनदा चालतं, तिसऱ्यांदा प्रेक्षक किंचाळीकडे बघतच नाही, आणि मग खरा खून झाला तरी तो चहा ढवळत बसतो.

भारी हुक बहुतेक वेळा घटनेत नसून निर्णयात असतो. तिने रिसीव्हर उचललाय, नंबर फिरवलाय, पलीकडून 'हॅलो' आलंय. बोलेल की ठेवेल? दोन्हीपैकी काहीही झालं तरी सोमवारी फसवल्यासारखं वाटत नाही. आणि सोमवारची सुरुवात त्याच क्षणापासून करा, आधी दुसऱ्याच घरातली सात मिनिटं दाखवू नका, राग येतो.

९. माझी सगळी पात्रं एकसारखीच बोलतात. काय करू?

बहुतेक सगळ्यांचंच होतं. नावं झाकून सीन वाचा, कोण बोलतंय ते ओळखू येत नसेल तर परत लिहा.

लकबी चिकटवू नका, म्हणजे एकाला दर वाक्यात 'काय समजलं' आणि दुसऱ्याला दर वाक्यात 'बरं का' असं. ते चार दिवसांत डोक्यात जातं. त्यापेक्षा हे बघा की हा माणूस हवी ती गोष्ट कशी मागतो. कोणी सरळ मागतो, कोणी आधी स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलतो, कोणी समोरच्याला वाटायला लावतो की ही कल्पना तुझीच आहे, कोणी मागतच नाही आणि न मिळाल्याबद्दल वर्षभर रुसतो. प्रत्येक पात्राची मागायची पद्धत एका ओळीत लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा. मी चिकटवायचो, आणि त्यातल्या एका चिठ्ठीवर नुसतं लिहिलं होतं 'प्रश्नाला प्रश्न'. त्या बाईचे संवाद सगळ्यात सोपे जायचे.

१०. व्हिलनचे संवाद भडक नाही झाले तर लोकांना कळणार कसं?

कळतं. पार्श्वसंगीत आहे, भुवया आहेत, तुम्ही कशाला मेहनत घेताय? व्हिलनला सगळ्यात सभ्य आणि सगळ्यात लहान वाक्यं द्या. आणि त्याचं म्हणणं निम्मं तरी खरं असू द्या, कारण दुपारच्या सोपमध्ये व्हिलनला वर्षानुवर्षं त्याच गावात राहायचंय, नुसता राक्षस असेल तर लोक त्याला घरात घेतातच कशाला हा प्रश्न येतो. ज्याच्या वाईटपणामागचं कारण प्रेक्षकाला अर्धवट पटतं तोच टिकतो.

११. गुपित किती दिवस ताणायचं?

दिवस मोजू नका, माणसं मोजा. गुपिताची मजा कोणाला माहितीये आणि कोणाला नाही यात असते. एका कागदावर पात्रांची नावं आणि प्रत्येक गुपितापुढे खूण, याला कळलंय, याला संशय आहे, याला चुकीचं कळलंय. हा कागद रोज अपडेट झाला पाहिजे, नाहीतर होतं काय की एका लेखकाने मंगळवारी ज्याला सांगून टाकलं तोच माणूस दुसऱ्या लेखकाच्या गुरुवारच्या एपिसोडमध्ये धक्का बसून पडतो. हे मी बघितलंय, सेटवर शूटिंग चालू असताना नटानेच सांगितलं की 'अहो मला हे परवाच कळलं की', आणि मग अर्धा तास सगळे उभे, मी कोपऱ्यात बसून मांडीवर कागद ठेवून सीन परत लिहितोय.

दर वेळी आणखी एकाला कळलं की गुपित नवीन होतं. शेवटचा माणूस, ज्याला कळल्याने सगळं कोसळणार, तो उरला की मग ताणू नका, फोडा. आणि फोडताना महिनाभर राखून ठेवलेला सीन दाराबाहेर उरकू नका. प्रेक्षकाने वाट बघितलीये, दोघांना समोरासमोर बसवा आणि पूर्ण एपिसोड द्या, हा पैसा वसूल करायचा दिवस असतो.

१२. दाराआडून ऐकणं, अर्धवट ऐकून गैरसमज, हे सगळं फसवणूक नाही का?

अर्धवट ऐकणं फसवणूक आहे असं मला वाटतं, कारण एका प्रश्नाने सुटेल असा गैरसमज तीन महिने चालवायला पात्रांना मठ्ठ करावं लागतं. पूर्ण ऐकणं मात्र मला आवडतं. सगळं नीट ऐकलं, खरं तेच ऐकलं, आणि आता ते आपल्याला माहितीये हे लपवत त्याच माणसासमोर जेवायला बसायचं, या एका गोष्टीवर आठवडा निघतो.

१३. पात्र एकटंच मोठ्याने बोलतं, त्याचं काय?

रेडिओचा वारसा. टाळता आलं तर टाळा, फोन, देवघर, झोपलेलं मूल, फोटो असं काहीतरी समोर द्या म्हणजे ते कोणाशी तरी बोलणं होतं. अगदीच लागलं तर दोन वाक्यं, आणि त्यातलं एक तिने स्वतःशीच बोललेलं खोटं असू दे.

१४. सामाजिक विषय आणायचाय पण सीनचं भाषण होतंय. कसं टाळायचं?

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात भारी उदाहरण १९६२ चं आहे. ॲग्नेस निक्सन 'गायडिंग लाइट' लिहायच्या, पुढे 'वन लाइफ टू लिव्ह' (१९६८) आणि 'ऑल माय चिल्ड्रन' (१९७०) त्यांनीच सुरू केल्या. त्यांना बायकांना गर्भाशयाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्या हे सांगायचं होतं. पैसे देणारी कंपनी आणि चॅनलने परवानगी दिली, पण अट घातली की कॅन्सर, गर्भाशय, आणि गर्भाशय काढायची शस्त्रक्रिया हे शब्द वापरायचे नाहीत. म्हणजे कॅन्सरची गोष्ट, आणि कॅन्सर म्हणायचं नाही!

तरी त्यांनी ते लिहिलं, आणि ते चाललं. पात्र कोण निवडलं ते बघा, बर्ट बाउअर, कित्येक वर्षं लोक जिला ओळखत होते ती घरातली बाई. आजारावर भाषण करायला एखादी नवीन पेशंट आणली असती तर ते माहितीपत्रक झालं असतं. ओळखीच्या बाईला झालं म्हटल्यावर बघणारीला आपली स्वतःची तपासणी आठवते.

तेव्हा नियम म्हणून नाही पण सवय म्हणून, विषय आधी जुन्या पात्राला द्या, आणि पहिले चार सीन त्या विषयाचं नावच घेऊ नका. ती अपॉइंटमेंट पुढे ढकलते, पाकीट न उघडता ड्रॉवरमध्ये टाकते, नवऱ्याने विचारलं तर दुधाचा विषय काढते. माहिती देणारा डॉक्टर पाचव्या सीनला येऊ दे, तोपर्यंत प्रेक्षकच ओरडत असतो की अगं उघड ते पाकीट.

१५. नवीन पात्र आणलं की लोक शिव्या देतात. का?

कारण त्याला आठवण नसते. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' १९८५ पासून १९९३ पर्यंत लिहिणारे डग्लस मार्लंड यांनी मालिका बिघडवायची नसेल तर काय करावं याची एक यादी केली होती, अजूनही सोपवाले लोक ती एकमेकांना पाठवतात. त्यात मालिका स्वतः बघा, जुना इतिहास शिका, चाहत्यांची पत्रं वाचा अशा गोष्टी आहेत, आणि नवीन पात्र हळूहळू, जुन्या पात्रांशी जोडून आणा हेही आहे, कारण लोकांना त्याच्याबद्दल काही वाटायला सहा महिने ते वर्ष लागतं.

संवादात याचा अर्थ असा की नव्या माणसाला पहिले काही आठवडे स्वतःबद्दल बोलू देऊ नका. त्याला प्रश्न विचारू द्या. त्याच्यामुळे जुन्या पात्राच्या तोंडून आजवर न आलेलं काही आलं की लोक त्याला सहन करतात, मग हळूहळू आवडूनही घेतात.

१६. नट बदलला तर संवाद बदलायचे का?

पात्र तेच, श्वास वेगळा. अमेरिकन सोपमध्ये 'अमुक भूमिका आता तमुक करत आहेत' असं सरळ निवेदन करून पुढे जायची पद्धत आहे आणि मला ती प्रामाणिक वाटते, अपघातानंतर बँडेजच्या पट्ट्या सोडून नवीन चेहरा दाखवण्यापेक्षा बरी. पहिल्या एपिसोडमध्ये नव्या नटाला त्या पात्राच्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात ओळखीच्या माणसासमोर ठेवा, आणि त्या माणसाने त्याला घरातल्या नावाने हाक मारली की अर्धं काम झालं.

१७. मेलेलं पात्र परत आणायचंय. लाज वाटते पण चॅनलला हवंय.

लाजू नका, या प्रकारात हे चालतं. 'कसा वाचला' याला एक वाक्य द्या, जास्तीत जास्त दोन. जितकं जास्त समजावाल तितकी भोकं दिसतील. सगळी ताकद 'आता पुढे काय' यावर लावा. बायकोने दुसरं लग्न केलंय, मुलगा दुसऱ्याला बाबा म्हणतो, मित्राने त्याचं ऑफिस घेतलंय. मेलेल्या माणसाशिवाय सगळ्यांचं नीट चाललं होतं हे त्याला कळतं, तो सीन मला द्या, बाकी बेट, स्मृतिभ्रंश, जुळा भाऊ काय हवं ते करा. फक्त एकाच पात्राला दोनदा मारू नका, दुसऱ्या अंत्ययात्रेला कोणी रडत नाही.

१८. पोरं एका रात्रीत मोठी होतात, त्याचं काय कारण द्यायचं?

काहीच नाही. पाळण्यातलं पोर बोर्डिंगला जातं आणि पंधरा सोळाचं होऊन परत येतं, प्रेक्षकाने हे कधीच मान्य केलंय. वय आणि साल मात्र संवादात उच्चारू नका, लोक बोटांवर मोजतात.

१९. मालिकेत पूर्वी काहीतरी फार चुकीचं दाखवलं गेलंय. आता आपण लिहितोय, तर ते विसरायचं की दुरुस्त करायचं?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. 'जनरल हॉस्पिटल' ही अमेरिकन मालिका बघा. १९७९ ला ल्यूकने लॉरावर बलात्कार केला असं दाखवलं. मग ती जोडी लोकप्रिय व्हायला लागली, आणि पडद्यावर त्या घटनेला 'भुरळ पाडली' अशा अर्थाचे शब्द वापरायला लागले. घटना तीच ठेवली, फक्त तिला म्हणायचं काय ते बदललं. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये त्या दोघांचं लग्न सुमारे ३ कोटी लोकांनी बघितलं. संवादलेखकाच्या हातात किती ताकद असते याचं हे घाबरवणारं उदाहरण आहे, एक शब्द बदलला आणि एक गुन्हा प्रेमकथेची सुरुवात झाला.

१९९८ मध्ये मालिकेने तो विषय परत उघडला. त्यांच्या मुलाला कळतं की बापाने आईसोबत काय केलं होतं, आणि या वेळी खरा शब्द वापरला जातो. माझ्या मते दुरुस्तीचा मार्ग हाच. इतिहास पुसायला गेलात तर जुना प्रेक्षक कायमचा जातो, कारण त्याने ते पाहिलंय. एखाद्या पात्राला ते आठवू द्या आणि ज्यांनी तेव्हा शब्द बदलला त्यांना समोर बसवा. पहिल्या उत्तरात म्हटलं ना, आठवण हीच मालमत्ता, आणि मालमत्तेबरोबर कर्जही येतं.

२०. नट माझी वाक्यं बदलतात. चिडू का?

कोणतं वाक्य ते बघून चिडा. दिवसाला पानंच्या पानं शूट होतात, पाठ करायला वेळ नसतो, शब्द इकडेतिकडे होणारच. पण एखादी नटी पंधरा वर्षं एकच पात्र करतेय आणि म्हणते 'ही असं बोलणार नाही', तर पेन खाली ठेवा आणि ऐका. तुम्ही सहा महिन्यांपूर्वी आलाय, तिला त्या बाईचं बालपण पाठ आहे. मी एकदा अशाच एकीशी वाद घातला होता, वाक्य माझंच ठेवलं, आणि एपिसोड लागल्यावर जी पत्रं आली त्यात तिचंच म्हणणं होतं, जवळजवळ तिच्याच शब्दांत.

एक अपवाद. पुढच्या महिन्यातल्या गुपिताची चावी असलेलं वाक्य (११ वा प्रश्न) बदलू देऊ नका. स्क्रिप्टमध्ये त्याच्याखाली रेघ मारा आणि दिग्दर्शकाला सांगून ठेवा. नाहीतर 'पाकीट' च्या जागी 'कागद' होतं आणि तीन आठवड्यांनी कोणालाच काही जुळत नाही.

२१. मला शिकायचंय. तुम्हाला सॅम्पल सीन पाठवला तर चालेल का, आणि काय पाठवू?

चालेल. नवीन गोष्ट रचून पाठवू नका, प्रत्येकजण तेच करतो. कोणतीही चालू मालिका दोन आठवडे रोज बघा, त्यातली दोन पात्रं घ्या जी एकमेकांशी फारशी बोलत नाहीत, आणि त्यांना लिफ्टमध्ये अडकवा. अडीच पानं. तिसरं पात्र नको, फोन नको, वीज परत आली की सीन संपला. 'तुला माहीतच आहे' असेल तर मी पुढे वाचत नाही, आधीच सांगून ठेवतो. उत्तराला वेळ लागतो, तोपर्यंत दुसरा लिहून ठेवा.